शिडी, निसण, एणी आणि एशेल

इंग्रजी-फ्रेंच कोश उघडून ‘लॅडर’ हा शब्द काढावा. पहिला प्रतिशब्द मिळतो ‘एशेल’. तेवढ्यावर समाधान मानून कोश मिटणारे बहुसंख्य असतात, आणि परीक्षेपुरते ते पुरतेही. पण नजर जरा खाली उतरू दिली, तर रंगाऱ्याच्या घडीच्या शिडीला वेगळा शब्द दिसतो : ‘एस्काबो’. पायमोजाचा टाका सुटून वरपासून खालपर्यंत उभी रेघ उसवत जाते, तिलाही इंग्लंडातल्या बायका ‘लॅडर’च म्हणतात, फ्रेंच बाई मात्र ‘टाका पळाला’ अशा अर्थाचे काही म्हणते. उलट बाजूने जावे, ‘एशेल’चा इंग्रजी अर्थ पाहावा, तर आणखी गंमत. शिडी आहेच, पण नकाशाचे प्रमाण, भूकंपाची मोजपट्टी, पगाराची श्रेणी, आणि अनेकवचनात तुर्की अमलाखालची बंदरे, हे सारे त्या एका शब्दाच्या पोटात.

दोन लिप्यांतल्या पाट्या वाचत मोठे झालेल्या आपल्यासारख्या माणसांची एक खोड असते. एका शब्दासमोर बरोबरीचे चिन्ह, त्यापुढे दुसरा शब्द, की झाले भाषांतर. बसवरची पाटी, दुकानाचा फलक, सरकारी नोटीस यांनी ती खोड अंगी मुरवलेली असते. मी बरीच वर्षे बेळगावात फ्रेंच शिकवले. वर्गात मराठी, कन्नड, कोंकणी अशा तिन्ही घरांतली मुले असत. ‘लॅडर’ला तुमच्या घरी काय म्हणतात, असे विचारले की फळ्यावर शिडी, एणी, निसण असे तीन शब्द लागोपाठ पडत, आणि आपलाच शब्द खरा, बाकीचे त्याचे भाषांतर, असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असे. त्या तीन शब्दांचा आणि त्यांच्या दूरच्या फ्रेंच पाहुणीचा इतिहास सांगावा, म्हणून हा लेख.

आधी इंग्रजी शब्दाचे कूळ पाहू. जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लॅडर’ असा होता; जर्मन ‘लायटर’ हा त्याचा सख्खा भाऊ. मूळ धातूचा अर्थ चढणे नव्हे, तर टेकणे, रेलणे. इंग्रजी ‘लीन’ त्याच धातूचा. म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी शिडीकडे पाहिले ते भिंतीला टेकवून ठेवलेली वस्तू म्हणून. ग्रीकांनीही तेच केले; त्यांची शिडी म्हणजे ‘क्लिमाक्स’. आपण सिनेमाच्या शेवटाला जो क्लायमॅक्स म्हणतो, तो मुळात शिडी होय. एकेका पायरीने वाढत जाणाऱ्या वाक्यरचनेला वक्तृत्वशास्त्रात हे नाव मिळाले, आणि पुढे वरच्या टोकालाच ते चिकटून बसले. हाच धातू संस्कृतात ‘श्रि’ असा आहे. आश्रय, आश्रित हे शब्द त्यातून आले. ज्याला टेकायचे तो आश्रय. बीजगणित शिकलेल्यांना ‘श्रेढी’ आठवत असेल. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५०च्या सुमारास, ‘श्रेढीव्यवहार’ असे एक प्रकरणच आहे. तीन, पाच, सात, नऊ अशा पायरीपायरीने चढणाऱ्या संख्यांचे ते गणित. हिंदी सीढ़ी आणि मराठी शिडी यांचा संबंध भाषाशास्त्रज्ञ याच कुळाशी जोडतात. तेव्हा ‘लॅडर’ आणि ‘शिडी’ कानाला परकी वाटली, तरी फार लांबच्या नात्याने एकाच भिंतीला टेकलेली आहेत.

फ्रेंच ‘एशेल’ दुसऱ्या घराण्यातली. लॅटिन ‘स्काला’, आणि त्यामागे ‘स्कांदेरे’ म्हणजे चढणे. संस्कृत ‘स्कन्द्’ म्हणजे उडी मारणे हा याच धातूचा भाऊबंद. देवांच्या सेनापतीचे नाव स्कंद. इंग्रजी ‘स्कॅन’ही यातलाच : आधी कवितेचे चरण पायरी-पायरीने मोजणे, मग बारकाईने पाहणे, आणि आता दवाखान्यात काढतात तो. एक जात शिडीला टेकणारी म्हणते, दुसरी चढवणारी म्हणते. वस्तू तीच, पण पाहणाराचा डोळा निराळा.

‘स्काला’चे ‘एशेल’ कसे झाले ते आपल्याकडच्या कुणालाही समजावून द्यावे लागणार नाही. आपल्या खेड्यातला म्हातारा ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणतो ना, तसेच जुन्या फ्रेंच जिभेला आरंभीचे ‘स्क’ जड गेले. तिने पुढे एक ‘ए’ लावला. ‘स्कोला’चे ‘एस्कोल’ झाले आणि पुढे ‘स’ गळून ‘एकोल’ म्हणजे शाळा. ‘स्काला’चे तसेच पुढे ‘एशेल’. ज्या उच्चाराला आपण अडाणी म्हणून हसतो, त्याच उच्चाराने पॅरिसची शुद्ध भाषा घडली आहे. पोर्तुगीजही त्याच वाटेने गेले, म्हणून गोव्यात ‘एस्कादा’. फरक इतकाच, की पोर्तुगीजांना शिडी आणि जिना दोन्हींना हा एक शब्द चालतो. फ्रेंचांनी जिन्याला ‘एस्कालिए’ असा वेगळा शब्द ठेवला. आपणही जिना आणि शिडी यांत गल्लत करीत नाही. जिना फारसीतून आला, शिडी घरची. अमरसिंहानेसुद्धा कोशात पायऱ्यांसाठी ‘सोपान’ दिला आणि शिडीसाठी वेगळे दोन शब्द, ‘निःश्रेणि’ आणि ‘अधिरोहिणी’. ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचे नाव सोपान, हे ध्यानात घेतले म्हणजे निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ता ही नावे ओळीने उच्चारताना काय क्रम लागतो ते कळते. ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडलेला ‘मोक्षपट’ हा खेळही शिड्यांचाच. इंग्रजांनी तो उचलून नेला, त्यातली पुण्ये आणि पापे गाळली, आणि मुलांसाठी सापशिडी करून परत पाठवली. फ्रेंच मुले त्याला ‘सर्प आणि एशेल’ म्हणून खेळतात.

आता या ‘निःश्रेणि’ची फिरती पाहा. कोंकणीत ती निसण झाली, गुजरातीत निसरणी, ग्वाल्हेरकडे आणि बुंदेलखंडात नसेनी, हैद्राबादच्या तेलुगूत निच्चेन. बडोदे, ग्वाल्हेर, हैद्राबाद इथल्या मराठी घरांतून हे शब्द मोलकरणीच्या, गवंड्याच्या तोंडी रोज कानी पडतात. एणी हा मात्र द्राविडांचा स्वतःचा शब्द. तमिळ, मल्याळम, कन्नड तिन्हींत तो आहे, आणि तो कुणाकडून उसना घेतलेला नाही. पण कन्नडच्या जुन्या साहित्यात ‘निच्चणिके’ असाही शिडीचा शब्द आहे. म्हणजे माझ्या वर्गातल्या कन्नड मुलाच्या आजोळच्या पोथीत आणि कोंकणी मुलीच्या परसात एकच शब्द उभा, आणि दोघांना त्याचा पत्ता नाही! निच्चणिके मी फळ्यावर लिहिले, त्या दिवशी वर्गातला कुणाचा शब्द खरा हा वाद जरा थंडावला. कायमचा मिटला असे नव्हे.

शिडीचा सर्वांत मोठा इतिहास मात्र बागेतला वा माळ्यावरचा नाही. तो तटबंदीचा आहे. शिड्या लावून किल्ला घेण्याला इटालियनांनी ‘स्कालाता’ म्हटले, फ्रेंचांनी ‘एस्कालाद’, आणि इंग्रजांनी तोच शब्द ‘एस्केलेड’ म्हणून आपल्या लष्करी भाषेत घेतला. मराठी बखरींतून यासाठी ‘माळ लावणे’ असा प्रयोग भेटतो. माळ म्हणजे दोराची शिडी. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडाच्या कथेत घोरपडीने इतकी जागा व्यापली आहे, की माळेकडे कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक एकदोघे कड्यावर चढून जातात, ते वरून माळ सोडतात म्हणूनच. शेकडो माणसे घोरपडीच्या शेपटीला धरून चढत नाहीत.

मराठ्यांवरच हा प्रयोग उलटला तो ग्वाल्हेरला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० च्या ऑगस्टच्या आरंभी, कॅप्टन विल्यम पॉपहॅम याच्या हाताखालच्या कंपनी सरकारच्या फौजेने महादजी शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला एका रात्रीत घेतला. त्या किल्ल्याची ख्याती अजिंक्य म्हणून होती. गोहदच्या राण्याच्या हेरांनी वाट दाखवली. गुपचूप शिड्या तयार करण्यात आल्या. कड्यावर पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले लोकरी जोडे देण्यात आले. पुढची तुकडी कॅप्टन ब्रूसची होती. खालच्या तटाला लाकडी शिड्या, वरच्या भिंतीवर आधी हेर चढले आणि त्यांनी दोराच्या शिड्या बांधून सोडल्या. ३ ऑगस्टची रात्र सरून ४ तारीख उजाडली तेव्हा किल्ला गेलेला होता. यात आपल्या अभिमानाला बरे वाटण्यासारखे काही नाही; पण सिंहगड आणि ग्वाल्हेर शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक दिसते. कडा दोन्हीकडे उंच, रात्र दोन्हीकडे काळी, कल्पना तीच. शिडी कुणाच्या बाजूची हे तिला ठाऊक नसते. इंग्रजांच्या कागदपत्रांत ग्वाल्हेरचा पराक्रम ‘एस्केलेड’ या फ्रेंच वळणाच्या शब्दाने नोंदला गेला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने अहमदनगरची (आजचे अहिल्यानगर) पेठ घेतली, तीही शिड्या लावूनच; चारच दिवसांत किल्लाही पडला. त्याही वेळी शब्द तोच.

ज्या शहरात हा शब्द सणाचे नाव होऊन बसला आहे, ते शहर म्हणजे जिनिव्हा. तिथल्या कॅलेंडरात ‘एस्कालाद’ म्हणजे डिसेंबरातला उत्सव. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी या गोष्टीत जरा मन घालावे, कारण जिनिव्हाही सीमेवरचेच. तीन बाजूंनी दुसऱ्याचा मुलूख, धर्म वेगळा, राजा नाही. सव्हॉयचा ड्यूक शार्ल एमान्युएल याचा त्यावर फार दिवसांचा डोळा. १६०२ सालच्या ११ आणि १२ डिसेंबरमधल्या रात्री (जिनिव्हा अजून जुने पंचांग पाळत असे; नव्याप्रमाणे २१-२२) त्याच्या दोन हजारांवर सैन्यातली निवडक माणसे तटाशी आली. बरोबर तुकड्यातुकड्यांनी जोडता येणाऱ्या शिड्या होत्या, आणि अंधारात दिसू नयेत म्हणून त्या काळ्या रंगवल्या होत्या. शंभरावर माणसे वर चढलीही. मग एका पहारेकऱ्याच्या बंदुकीने गाव जागे झाले. एका वेशीवर कुणीतरी लोखंडी जाळीचा दोर कापून ती धाडकन खाली सोडली, त्यामुळे बाहेरचे सैन्य आत येऊ शकले नाही; आणि तोफेच्या एका गोळ्याने शिड्या मोडल्या. शिड्या मोडल्या म्हणजे चढलेल्यांना परतीची वाट नाही. गावातली अठरा माणसे मेली.

इतिहासकार जाळी आणि तोफ यांना मान देतात. लोकांनी मात्र मान दिला तो रुवायोम नावाच्या एका आईला. चुलीवरचे गरम भाजीच्या सूपाचे भांडे उचलून खिडकीतून तिने हल्लेखोराच्या डोक्यात घातले, अशी कथा. म्हणून आजही त्या सणाला चॉकलेटचे मडके आणतात, आत बदामाच्या गोड पिठाच्या भाज्या असतात, आणि घरातले सर्वांत मोठे व सर्वांत धाकटे माणूस मिळून ते फोडते. आपल्या दहीहंडीची आठवण होईल. फ्रेंचमध्ये एकाने हात गुंफून दुसऱ्याला वर चढवणे याला ‘कुर्त एशेल’, म्हणजे आखूड शिडी करणे, म्हणतात; आपले गोविंदा थरावर थर लावतात तेव्हा ते हेच करीत असतात.

जिनिव्हाचे राष्ट्रगीत म्हणावे असे एक गाणे त्याच रात्रीबद्दल आहे, ‘से के लेनो’. ते अडुसष्ट कडव्यांचे आहे. पण ते फ्रेंचमध्ये नाही. ते आहे तिथल्या जुन्या बोलीत, फ्रँको-प्रोव्हांसाल म्हणतात तिच्यात. ही बोली आता जिनिव्हाच्या रस्त्यावर कुणी बोलत नाही. दरवर्षी लोक उभे राहून ते गातात. बऱ्याच जणांना अर्थ छापील फ्रेंच भाषांतरातून पाहावा लागतो. एके काळी या गावात ती घरची भाषा होती आणि फ्रेंच ही कागदावरची, चर्चची, दरबाराची. ड्यूकच्या शिड्या तटावरून खाली पडल्या. भाषेवर मात्र कुणी शिडी लावलीच नव्हती, ती आतूनच हळूहळू बदलत गेली. या गोष्टीचा विचार मी जिनिव्हापेक्षा आपल्या गावाच्या संदर्भात अधिक केला आहे, हे लपवण्याचे कारण नाही.

फ्रेंच ‘एस्कालाद’ची पुढची गत मजेची आहे. किल्ले गेले, शब्द उरला. आता कुणी मुलगा ‘एस्कालाद’ला जातो म्हणाला तर तो दोर आणि खडूची पुडी घेऊन कड्यावर चढायला चाललेला असतो, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या नावाचा खेळच होता. इंग्रजीत त्याच मुळापासून वेगळाच अंकुर फुटला. चालत्या जिन्याला ‘एस्केलेटर’ हे नाव चार्ल्स सीबर्गर याने बनवले, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने तो जिना लोकांना दाखवला. नाव कंपनीच्या मालकीचे होते. पण १९५० साली अमेरिकेत ते सर्वसामान्य शब्द झाल्याचे ठरले. त्या यंत्राच्या नावातून ‘एस्कलेट’ हे क्रियापद निघाले, आणि व्हिएतनामच्या काळात ते युद्ध वाढवण्याला लागले. फ्रेंचांनी या अर्थासाठी आपला जुना ‘एस्कालाद’ पुन्हा बाहेर काढला. म्हणजे तटाला लावायची शिडी, बाजारातला फिरता जिना आणि युद्धाची चढती कमान, असा फेरा मारून शब्द पुन्हा लढाईत. मराठी वर्तमानपत्रे ‘युद्धाचा भडका’ म्हणतात. आपली कल्पना आगीची, त्यांची पायरीची. भडका उडाला तर विझवायचा असतो, पायरी चढली तर उतरता येते. मुत्सद्द्यांना फ्रेंच शब्द सोयीचा का वाटावा हे उघड आहे.

मोजमापाकडे वळू. अठराव्या शतकात कासिनी घराण्याने सबंध फ्रान्सचा नकाशा केला, त्याचे प्रमाण होते एकास ८६,४००. हा विचित्र आकडा येतो कुठून? तेव्हाच्या लांबीच्या मापात एका तुआजमध्ये ८६४ लीन्य असत, आणि नकाशावरच्या एका लीन्यला जमिनीवरचे शंभर तुआज धरले होते. सरळ हिशेब. नकाशाच्या तळाशी सारख्या खुणांची एक आडवी पट्टी काढलेली असे आणि तिच्यावर लिहिलेले असे ‘एशेल’. खुणांनी विभागलेली पट्टी आणि दांड्यांनी विभागलेली शिडी यांत फरक फक्त आडवी-उभीचा. इंग्रजी ‘स्केल’ही त्याच लॅटिन ‘स्काला’तून आली. (माशाचे खवले आणि तराजू यांना इंग्रजीत तोच उच्चार आहे, पण ते शब्द निराळ्या घरचे, कोशकारांची तिथे बरीच धावपळ होते.) कोयनेने १९६७ साली आणि किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ रोजी मराठी माणसाला एक परका शब्द कायमचा शिकवला : रिश्टर स्केल. फ्रेंचमध्ये तो ‘एशेल द रिश्टर’. लातूर-उस्मानाबादकडच्या ज्या म्हातारीने कधी शाळा पाहिली नाही, तिच्याही तोंडी मग लॅटिन शिडी येऊन बसली. कशी येऊन बसली ते आठवले की व्युत्पत्तीची गंमत पुढे सांगवत नाही.

पगाराचे त्या मानाने सोपे. फ्रेंच सरकारी नोकर ‘एशेल’वर असतो आणि ‘एशलों’, म्हणजे शिडीचा दांडा, धरून वर सरकतो. आपला कारकून वेतनश्रेणीत असतो. ‘श्रेणी’ म्हणजे रांग. तीच ‘निःश्रेणि’त शिडी झाली. म्हणजे ‘एशेल’ला ‘वेतनश्रेणी’ हा प्रतिशब्द ज्या कुणी योजला, त्याने ठरवून केले असो वा नकळत, शिडीला शिडीच दिली. परिभाषा समित्यांना आपण उठता बसता शिव्या देतो. हे एक त्यांच्या जमेला धरावे.

वाक्प्रचारांचा मामला मात्र नाजूक. इंग्रज म्हणतो, अमक्याने वर पोचल्यावर शिडी ओढून घेतली. याचा अर्थ, आपण चढला आणि मागच्यांची वाट बंद केली; ही शिवी आहे. फ्रेंच म्हणतो, याच्यानंतर शिडी ओढून घ्यावी. याचा अर्थ, याच्याहून सरस आता कुणी करणे नाही. ही स्तुती आहे, कधी उपरोधाची. काही जण तिचे मूळ फाशीच्या तख्ताशी नेतात : शेवटचा गुन्हेगार चढला की शिडीचे काम संपले. शब्द तेच, क्रिया तीच, आणि अर्थ उलटा. एका मुलाने परीक्षेत निवृत्त होणाऱ्या शिक्षकावर फ्रेंचमध्ये चार ओळी लिहिताना हा वाक्प्रचार नेमका वापरला होता. दुसऱ्या तपासनिसाने इंग्रजी अर्थ धरून तो अपमान समजून गुण कापले. मला ते गुण परत मिळवून देता आले, पण त्यासाठी तीन कोश आणि दोन अर्ज लागले. बरोबरीच्या चिन्हावर भरवसा ठेवणारा माणूस लाल शाईची लेखणी घेऊन बसलेला असला, म्हणजे काय होते त्याचा हा लहानसा नमुना. दुसऱ्या भाषेतून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना असे नमुने मोठ्या प्रमाणावर भेटतात, आणि त्यांच्यासाठी तीन कोश काढून बसायला प्रत्येक वेळी कुणी नसते.

राहता राहिली बंदरे. भूमध्य समुद्रात जहाज किनाऱ्याला लागले की माणसे शिडीने उतरत. म्हणून इटालियन व्यापाऱ्यांनी उतरण्याच्या धक्क्यालाच ‘स्काला’ म्हटले. तुर्कांनी तो शब्द घेऊन ‘इस्केले’ केला. पुन्हा तोच ‘इस्कूल’चा न्याय. आणि फ्रेंचांनी तुर्की सुलतानाच्या मुलखातल्या आपल्या व्यापारी बंदरांना ‘एशेल द्यु लव्हां’ म्हटले. लव्हां म्हणजे उगवती दिशा. १५६९ साली सुलतानाने फ्रान्सच्या राजाला व्यापाराच्या सवलतींचा करारनामा दिला. तेव्हापासून स्मिर्ना, सैदा, अलेक्झांड्रिया, सलोनिका अशा ठिकाणी फ्रेंच वकील, वखार आणि मार्सेयचे व्यापारी असा संसार थाटला गेला. मार्सेयच्या व्यापारी मंडळाची, १५९९ सालच्या, या कारभारावर देखरेख असे. अलेप्पो तर समुद्रापासून लांब, आत. पण व्यापाराच्या यादीत तेही ‘एशेल’. कोरड्या जमिनीवरची शिडी! या गावांत एकाच गल्लीत अरबी, तुर्की, ग्रीक, आर्मेनियन, लॅदिनो आणि इटालियन चाले. दुभाषे हा तिथला एक मानाचा आणि बदनामही धंदा होता. त्याच लॅटिन शब्दाचे दुसरे फ्रेंच रूप ‘एस्काल’ म्हणजे वाटेतला मुक्काम. विमान कुठे न थांबता जाणार असेल तर फ्रेंच उद्घोषणा ‘एस्काल नाही’ असे सांगते. पोर्तुगीज गलबतेही गोव्याच्या वाटेवर ‘एस्काला’ घेत.

लेबनॉनमध्ये जन्मलेले आणि फ्रेंचमध्ये लिहिणारे अमीन मालूफ यांची १९९६ सालची एक कादंबरी याच नावाची आहे, ‘ले एशेल द्यु लव्हां’. नायक त्या जुन्या बहुभाषी जगाच्या अखेरच्या वारसांपैकी. १९९९ साली तिचे इंग्रजी भाषांतर आले ते ‘पोर्ट्स ऑफ कॉल’ या नावाने. अनुवादकाला दोष देता येत नाही. ‘लॅडर्स’ म्हटले असते तर इंग्रज वाचकाने सुताराचे पुस्तक समजून बाजूला ठेवले असते. पण शिडी गेली ती गेलीच. उतरणाऱ्या माणसाचा पाय ज्या पायरीवर पडतो ती त्या नावात होती.

मराठीत काय करावे, यावर मी बरेच दिवस घालवले. ‘बंदर’ चालेल, पण तो फारसी शब्द गोदामांचा आणि जकातीचा. त्यात पायरी नाही. मग एकदा ‘घाट’ सुचला आणि हायसे वाटले. नदीत उतरायच्या पायऱ्या म्हणजे घाट. होडी लागते ती घाटाला. माल उतरतो तो घाटावर. ‘स्काला’चे काम करणारा याच्याइतका नेमका शब्द इंग्रजीत नाही आणि, मला वाटते, फ्रेंचमध्येही आता उरलेला नाही. लव्हां म्हणजे पूर्व. तेव्हा नाव झाले ‘पूर्वेचे घाट’. ते कागदावर लिहून मी दोघा मित्रांना वाचून दाखवले. एक चोर्ल्याहून नेहमी गोव्याला जाणारा, दुसरा आंबोलीचा. दोघांनीही एकदम विचारले, ‘हे पूर्व घाट म्हणजे ओरिसाकडचे डोंगर ना?’ चढणीची वाट म्हणजेही घाट, आणि साहेबाने त्या वाटांवरून सबंध डोंगररांगेलाच ‘घाट्स’ म्हणून टाकले, हे मी विसरलो नव्हतो. पण बेळगावच्या माणसाच्या कानात नदी आधी येते की आंबोली, याचा अंदाज घ्यायला हवा होता. ‘लव्हांतचे घाट’ म्हणावे तर लव्हांत कुठे, हे तळटीपेत सांगणे आले. ‘उगवतीचे घाट’ असे आता लिहून ठेवले आहे. आंबोलीच्या मित्राला अजूनही त्यात डोंगर दिसतो. चोर्ल्याच्या मित्राच्या पत्नी मूळच्या नाशिकच्या. त्यांना मात्र पहिल्या झटक्यात पायऱ्या आणि पाणी दिसले.